माळवद, स्लॅब आणि लंडनची ऑफर

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय २६. बी.आर्क. होऊन तीन वर्षं झाली. पुण्यात एका बऱ्यापैकी मोठ्या फर्ममध्ये नोकरी, पगार ३२ हजार. काम म्हणजे मंजुरीची ड्रॉइंग्ज आणि काचेच्या दर्शनी भागांचे डिटेल. आजोळ धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या जुन्या घराचे दोन खण अजून माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीच्या जाड सपाट छपराचे आहेत, बाकी घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर 'लोकांनी भीतीपोटी घातले तसं' स्लॅबचं झालं. मे महिन्यात पाहुण्यांसकट सगळे माळवदाखाली झोपतात. तिथूनच हिला पर्यावरणाला धरून घरं बांधण्याचं वेड लागलं. 'आपल्याकडे या विषयात शिकण्यासारखं काही नाही' म्हणून लंडनच्या एका विद्यापीठात अर्ज केला आणि एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. सगळा खर्च ४५ लाखांच्या घरात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, दोन एकर विकायला तयार आहेत. मित्र म्हणतो, डिग्री-बिग्री सोड, ऑरोव्हिलला जा आणि मातीत हात घाल. तीन आठवड्यांत विद्यापीठाला कळवायचं आहे.

अगं-तुगं करते, चालेल ना? माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझ्या पत्रात लंडन अकरा वेळा आलंय, मी मोजलं. आजीची खोली मात्र साडेतीन ओळींत आटोपलीस. मला अभ्यास दिसतो तो त्या साडेतीन ओळींत, म्हणून आधी तिथेच थांबते.

'भीतीपोटी' हा शब्द मला खटकला. ३० सप्टेंबर १९९३ ला तू जन्मलीही नव्हतीस. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बसली. हजारो माणसं गेली. धरणीकंप काही जगातला सगळ्यात मोठा नव्हता, जेमतेम सहाच्या थोडा वर. माणसं दगावली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण आतला आणि बाहेरचा असे दोन सुटे पदर, मध्ये गोटे आणि माती भरलेली, दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारे दगड जवळजवळ नाहीतच. हादऱ्याने भिंत पोटातून फुगली आणि फाटली. वर माळवद. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा एक थर चढवायचा, जुना कोणी काढायचं नाही. पिढ्या जातील तसं डोक्यावरचं वजन वाढत गेलं. काही घरांत छप्पर लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होतं, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. तुझ्या आजोळचे ते दोन खण का टिकले, हे एकदा आजीला विचार. खांब कशावर टेकलेत तेही बघ.

आता गंमत अशी, की जे वजन मे महिन्याच्या दुपारी तुम्हाला वाचवतं, त्याच वजनाने त्या रात्री माणसं मारली. लोकांनी स्लॅब घातले ते डोळ्यांनी बघून घातले. त्यांच्या अनुभवावर 'भीती' असं लेबल लावून माळवद परत आणायला निघालीस, तर गावात तुझं कोणी ऐकणार नाही, आणि बरोबरच करतील.

उलट स्लॅबचं काय होतं तेही त्यांना रोज भोगावं लागतं. उघडा पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला चार-एक तास घेते. म्हणजे माणसं जेवून अंथरुणावर पडतात नेमकी तेव्हा छत वरून शेकायला लागतं. खोलीतल्या हवेचं तापमान तेवढं वाईट नसतं, पण डोक्यावरचं छत गरम तव्यासारखं अंगावर किरणं टाकत असतं. फूटभर मातीचं माळवद हाच प्रवास नऊ-दहा तास लांबवतं आणि वाटेत जोरही कमी करतं. तोवर बाहेरची रात्र थंड झालेली असते, दारं-खिडक्या उघडल्या की काम झालं.

तेव्हा तुझा खरा प्रश्न असा: भूकंपात जीव घेणार नाही इतकं हलकं आणि उन्हाळ्यात झोप उडवणार नाही इतकं सावकाश तापणारं छत, ग्रामीण कुटुंबाच्या बजेटमध्ये, गावातल्या गवंड्याला जमेल असं कसं करायचं? स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, मडकी उलटी मांडून वर कोबा, नुसती चार इंच वर सावली, की आणखी काही? हा प्रश्न घेऊन कुठल्याही विद्यापीठात गेलीस तरी दोन वर्षं पुरेल. प्रश्न न घेता गेलीस तर लंडनमध्येही ड्रॉइंग्जच काढशील, फक्त रंगीत.

मित्राचंही ऐकून घेते. मातीत हात घालायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण 'माती म्हणजे गारवा' हे समीकरण मी स्वतः एकदा महागात शिकले. वीसेक वर्षांपूर्वी दापोलीजवळ एका कुटुंबाचं घर केलं. मी तेव्हा मातीच्या प्रेमात. दीड फुटी मातीच्या भिंती, लहान खिडक्या, फोटो इतके सुरेख की एका मासिकात छापून आले. पहिल्या पावसाळ्यानंतर भेटायला गेले तर घरातल्या आजींनी काही न बोलता कपाट उघडलं आणि नऊवारीची घडी माझ्या हातात दिली. घडीच्या कडेकडेने पांढरी बुरशी. 'झोपतो आम्ही पडवीत,' एवढंच म्हणाल्या. चूक सरळ होती. जाड भिंत चालते जिथे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. कोकणात तो फरक थोडका, हवा दमट, तिथे अंगावरून वारा जाणं महत्त्वाचं. जुन्या कोकणी घराची पडवी, उंच कौलारू छप्पर, समोरासमोरची दारं हे सगळं वाऱ्यासाठी होतं. मी सोलापूरचं उत्तर रत्नागिरीच्या पेपरात लिहून आले. त्या घराला नंतर मोठ्या खिडक्या पाडल्या. पैसे अर्थात मीच दिले.

हे सांगायचं कारण, तू ज्याला 'इको' म्हणतेस त्यात सामान हा एक भाग आहे, तोही कदाचित अर्धाच. इमारत म्हणजे हवा कुठून येते-जाते, ऊन कुठल्या भिंतीवर किती वाजता पडतं, पाणी कुठे मुरतं, वीज कशावर जळते, हे सगळं एकत्र चालणारं यंत्र. तुझ्या पत्रात छताच्या पंख्याचा उल्लेखही नाही. माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात कामाचं साधन तेच आहे. अंगावर वारा असेल तर माणसाला दोन-तीन अंश जास्त सहज चालतात, आणि नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा जुन्याच्या निम्म्याहून कमी विजेवर चालतो. सिमेंटचंही तसंच. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंट बनवण्यातून येतो, त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी सुटका नाही. पण भूकंपात दगडी भिंतीला बांधून ठेवणारा पट्टा काँक्रीटचाच टाकतात. कुठे वापरायचं आणि कुठे नाही, एवढाच प्रश्न. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात उंदीरसापळा बांधणीच्या भिंती बांधल्या तेव्हा त्यांनी विटेला शिव्या दिल्या नाहीत, भिंतीत पोकळी ठेवून विटा पाव हिश्शाने वाचवल्या.

आता 'आपल्याकडे शिकण्यासारखं काही नाही' याकडे येते. हे वाक्य तू कुणाकडून तरी उचललं आहेस, कारण तपासलं असतंस तर लिहिलं नसतंस. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जा-कामगिरीवर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि त्याला जोडून संशोधन केंद्र. त्या केंद्राने पुढाकार घेऊन भारतातल्या लोकांना किती तापमान सुखाचं वाटतं याचा अभ्यास केला. पाच शहरं, १६ इमारती, तीन ऋतू, ६,३३० उत्तरं. त्यातून निघालेलं सूत्र कागदावर मावतं: नैसर्गिक वाऱ्यावर चालणाऱ्या इमारतीत, बाहेरच्या गेल्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. मे महिन्यात धाराशिवकडे सरासरी ३३ धरली तर उत्तर येतं साधारण ३०.६. तिथून दोन-सव्वादोन अंश इकडे-तिकडे बहुतेकांना चालतं. एसीचा रिमोट २२ वर ठेवणाऱ्या तुझ्या साहेबांना हे सांगून बघ. पण यातली मेख तुझ्या कामाची आहे: ही पाहणी ऑफिसांतली होती. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली झोपणाऱ्या सत्तरीच्या बाईला रात्री दोन वाजता किती तापमान सोसतं, हा वेगळा प्रश्न. तुझी आजी या विषयातली तज्ज्ञ आहे.

पुण्यातच कर्वेनगरला भानुबेन नानावटी महाविद्यालयात मुलींसाठी पर्यावरणीय आर्किटेक्चरचं एम.आर्क. आहे. आयआयटी रुरकी आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा स्वतंत्र पेपर असतो. त्यावर सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. फार नाहीत, पण जमीन विकावी लागत नाही. ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूट, भुजची हुन्नरशाला, केरळातली कॉस्टफोर्ड या माती आणि स्थानिक सामानाने बांधकाम करणाऱ्या संस्था, तिथे पदवी मागायला जाऊ नकोस. तिथे काही आठवडे किंवा महिने जाऊन गवंड्याशेजारी उभं राहायचं. हुन्नरशाला तर २००१ च्या कच्छ भूकंपानंतरच उभी राहिली, तुझा अर्धा प्रश्न त्यांचा आधीचाच आहे. मित्राचा सल्ला मी असा घेईन: सुट्टी काढून जा, नोकरी सोडून नको.

परदेशाबद्दल माझा आकस नाही. तिथल्या चांगल्या अभ्यासक्रमांत मोजमापाची शिस्त लागते, सिम्युलेशनचा, म्हणजे इमारत संगणकावर चालवून बघण्याचा हात बसतो, दहा देशांतली मुलं आपापल्या हवेचे प्रश्न घेऊन येतात. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेतला पर्यावरणीय डिझाइनचा अभ्यासक्रम किंवा डेल्फ्टचं दोन वर्षांचं बिल्डिंग टेक्नॉलॉजी, यांना नावं ठेवण्याची माझी टाप नाही. पण एक पाहून घे. थंड देशात इमारतीचा मुख्य शत्रू म्हणजे आतली ऊब बाहेर जाणं. सगळं घर हवाबंद करा, भिंतीत लोकर कोंबा, दक्षिणेच्या काचेतून ऊन आत घ्या. आपल्याकडे यातली बरीचशी वाक्यं उलटी वाचायची असतात. म्हणून ऑफर देणाऱ्या विभागाच्या गेल्या काही वर्षांच्या प्रबंधांची यादी मागव. उष्ण हवेवर किती प्रबंध आहेत, मार्गदर्शक कोण, त्यांनी स्वतः उष्ण प्रदेशात काम केलंय का, हे बघ. आणि ज्या भारतीय मुलांनी तो अभ्यासक्रम केला त्यांच्यापैकी दोघांना मेसेज करून विचार, 'सध्या काय करताय?' माहितीपत्रकापेक्षा या एका प्रश्नातून जास्त कळेल.

एक वर्षाचा अभ्यासक्रम फार झपाट्याने संपतो, हेही लक्षात ठेव. सप्टेंबरात पोचायचं, घर-बँक-थंडी यांत महिना, नाताळपर्यंत सॉफ्टवेअर, मग प्रबंध. ज्याच्याकडे प्रश्न तयार असतो तो त्या वर्षाचं सोनं करतो. बाकीच्यांना प्रश्न सापडतो जुलैमध्ये.

पैशाचं स्पष्टच बोलते. ४५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षं, तर हप्ता महिन्याला ६२ हजारांच्या आसपास. तुझा आजचा पगार त्याच्या निम्मा. पदवीनंतर इथे परत आलीस तर पगार वाढेल, पण दुप्पट-तिप्पट लगेच होणार नाही. म्हणजे हा हिशेब तिकडे नोकरी लागली तरच जुळतो, आणि ती लागणं व्हिसाच्या नियमांवर, जे दर सरकारागणिक बदलतात. आणि तिकडेच राहिलीस तर धाराशिवच्या छताचं काय? हे तू स्वतःलाही विचारलेलं दिसत नाही.

वडील म्हणाले, 'शिक्षणाला विकलेली जमीन विकली नाही, पेरली समज.' तुझ्या पत्रातलं हे सगळ्यात सुंदर वाक्य. पण ते वडिलांना न दुखवता एवढं सांग, की पेरणीआधी वापसा बघतात. त्यांच्याशी बसून आणखी एक बोलून घे: ती दोन एकर गेल्यावर त्यांच्या आणि आईच्या आजारपणाला मागे काय उरतं? मास्तर माणसं हा प्रश्न स्वतः कधी काढत नाहीत.

तर माझं मत: या वर्षी नको. विद्यापीठाला आजच लिही की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बरीच विद्यापीठं देतात, काही थोडी अनामत मागतात. नाही म्हणाले तरी आकाश कोसळत नाही, ज्यांनी एकदा घेतलं ते दुसऱ्यांदाही घेतील, आणि तेव्हा तुझा अर्ज जास्त वजनदार असेल. मधल्या काळात शिष्यवृत्त्यांचे अर्ज कर. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या, म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जरूपाने मदत देते. ज्या वाचकांना लागू असेल त्यांनी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही बघावी. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, तोही भर. सेप्टचा पर्याय मी लंडनच्या वरच ठेवेन, निदान तुझ्या प्रश्नासाठी.

आणि नोकरीत राहून काय करशील? तू काचेला वैतागली आहेस, पण त्या काचेचाच अभ्यास कर. निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता २०१८ मध्ये आली. तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची एक मर्यादा आहे, चौरस मीटरला १५ वॉट. हिशेब एक्सेलमध्ये होतो. तुमच्या फर्मची एखादी रहिवासी इमारत घे आणि करून बघ. मग त्याच इमारतीला पश्चिमेकडे दोन फुटांचा सज्जा आणि बाजूची फळी लाव, पुन्हा कर. त्याच संहितेत छताच्या उष्णता-वहनाची मर्यादा चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकामागे १.२ वॉट आहे. तुमच्या उघड्या स्लॅबचा आकडा जवळजवळ तिप्पट निघेल. हे एका पानावर मांडून साहेबांच्या टेबलावर ठेव. 'क्लायंटला काच हवी' म्हणणारे साहेब आकड्यापुढे थोडे नरमतात, कारण तोच आकडा पुढे एसीच्या टनांत आणि विजेच्या बिलात दिसतो. नाही नरमले तरी हे पान तुझ्या अर्जाला जोडता येईल. असे हिशेब करणारं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लेडीबगही. रात्री जेवणानंतर तासभर. ग्रीन बिल्डिंगच्या प्रमाणपत्रांच्या परीक्षा मात्र घाईने देऊ नकोस, त्यांत गुण कसे गोळा करायचे ते कळतं, घर गार का राहतं ते कळेलच असं नाही.

याच विषयावर नाशिकच्या एका सिव्हिल इंजिनिअरचं आणि एका मेकॅनिकलवाल्याचं पत्र आलंय. त्यांना इथेच सांगते: इमारत-ऊर्जेच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत इंजिनिअरांनाही प्रवेश मिळतो, पात्रता वाचून घ्या. तुम्हाला आकडे येतात, चित्र काढायला शिका. आर्किटेक्टांचं बरोबर उलट असतं.

आता तुझा गृहपाठ. तापमान नोंदवणारे दोन लहान लॉगर विकत घे, ऑनलाइन स्वस्तात मिळतात. एक माळवदाखाली, एक स्लॅबच्या खोलीत, दोन्ही खाटेच्या उंचीवर, भिंतीपासून लांब. शिवाय टेबलटेनिसचे दोन चेंडू काळे रंगव, प्रत्येकात भोक पाडून थर्मामीटरचं टोक आत सरकव. छताची किरणं अंगाला किती भाजतात ते साध्या थर्मामीटरला कळत नाही, या चेंडूला कळतं. दोन चेंडू, दोन खोल्या, रात्री नऊ, बारा आणि तीनला नोंद. एक रात्र पंखा चालू, एक रात्र बंद. शेजारच्या रकान्यात आजी किती वाजता कुठून उठून कुठे जाऊन झोपली ते लिही, आणि का, तेही तिच्याच शब्दांत. आकडे मला पाठव. मेचे पाठव, मार्चचे नकोत.